पाच कसोट्यांचा खेळाडू, सहा करंडकांचा गुरू

चंद्रकांत पंडित भारताकडून कसोटी सामने किती खेळले? अवघे पाच. आणि प्रशिक्षक म्हणून त्यांनी रणजी करंडक किती जिंकले? सहा! तीन मुंबईसाठी, एक मध्य प्रदेशसाठी आणि दोन आपल्या विदर्भासाठी. ते दोन आले तेव्हा अकोला, अमरावती, यवतमाळच्या मैदानांवर टेनिस बॉलने खेळणाऱ्या पोट्ट्यांना पहिल्यांदा वाटलं, की रणजी ही फक्त मुंबई-दिल्लीवाल्यांची गोष्ट नाही.

मैदान गाजवलेला खेळाडू पुढे मैदानाबाहेर बसून संघ घडवतो, अशा गोष्टी फुटबॉलमध्ये ढीगभर सापडतात. फ्रान्सच्या दिदिए देशाँने १९९८ साली कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला आणि २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणून. ब्राझीलचा मारियो झागालो आणि जर्मनीचा फ्रान्झ बेकेनबाउर यांनीही दोन्ही भूमिकांत जग जिंकलं. पंडितांची गोष्ट मला त्याहून जास्त भिडते. देशाँने खेळाडू म्हणून सगळं जिंकलेलं होतं. पंडितांच्या हातातून मोठे सामने थोडक्यात निसटत गेले, आणि ते सगळं त्यांनी पुढच्या पोरांकडून वसूल केलं.

थोडक्यात हुकलेले सामने

जन्म ३० सप्टेंबर १९६१, मुंबई. गुरू रमाकांत आचरेकर. काम यष्टिरक्षण आणि फलंदाजी. प्रथम श्रेणीत आठ हजारांवर धावा आणि बावीस शतकं. आजच्या काळात एवढ्या पुंजीवर माणूस भारताकडून वर्षानुवर्षं खेळला असता. पण त्या काळी किरण मोरे यष्टींमागे ठाण मांडून होते, त्यामुळे १९८६ मध्ये लीड्सला पंडितांचं कसोटी पदार्पण झालं तेही निव्वळ फलंदाज म्हणून.

त्याच वर्षी सप्टेंबरात मद्रासची ती सुप्रसिद्ध ‘टाय’ कसोटी झाली. ग्रेग मॅथ्यूजने मनिंदर सिंगला पायचीत पकडलं आणि भारत-ऑस्ट्रेलिया सामना बरोबरीत सुटला. कसोटीच्या इतिहासात असं फक्त दोनदा घडलंय. त्या भारतीय संघात पंडित होते आणि दोन डावांत त्यांनी ३५ आणि ३९ धावा केल्या. कसोटीतली ३९ ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या. एक धाव कुठून तरी जास्त निघाली असती, तर...

पुढच्या वर्षी विश्वचषकाची उपांत्य फेरी, वानखेडे, समोर इंग्लंड. दिलीप वेंगसरकरांचं पोट बिघडलं आणि पंडितांना संघात घेतलं. ग्रॅहम गूचने स्वीप मारून मारून ११५ धावा काढल्या, पंडित २४ वर बाद झाले आणि भारत ३५ धावांनी हरला.

१९९१ची रणजी फायनल तर मुंबईकर आजही विसरलेले नाहीत. हरियाणाने वानखेडेवर येऊन मुंबईला दोन धावांनी हरवलं. वेंगसरकर १३९ वर नाबाद राहिले. त्या हरलेल्या संघातही पंडित होते.

आणि मग १९९९. मुंबई सोडून ते मध्य प्रदेशचे कर्णधार झाले होते. बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकविरुद्ध फायनल. पहिल्या डावात मध्य प्रदेशची ७५ धावांची आघाडी. रणजीच्या नियमाप्रमाणे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. शेवटच्या दिवशी विजय भारद्वाजच्या फिरकीपुढे अख्खा संघ १५० धावांत गुंडाळला गेला आणि हाताशी आलेला करंडक ९६ धावांच्या पराभवाने गेला. हा सामना लक्षात ठेवा. त्याचा पुढचा अध्याय २३ वर्षांनी आला.

मुंबईने सोडलं, नागपूरने धरलं

कोच म्हणून पंडितांनी मुंबईला २००२-०३, २००३-०४ आणि २०१५-१६ असे तीन करंडक मिळवून दिले. २०१६-१७ ला मुंबई पुन्हा फायनलला गेली, इंदूरला गुजरातकडून हरली, आणि मुंबईने प्रशिक्षक बदलला. फायनलपर्यंत नेलेल्या माणसाला नारळ! विदर्भ क्रिकेट असोसिएशनने ही संधी अचूक साधली.

विदर्भ तेव्हा कुठे होता? १९५७-५८ पासून रणजी खेळणारा, पण फायनलचं तोंडही न पाहिलेला संघ. त्याआधी तर ‘मध्यप्रांत आणि वऱ्हाड’ अशा नावाने आपण खेळायचो. असं असलं तरी पंडितांच्या हाती कोरी पाटी आली नव्हती, हे सांगायलाच हवं. पारस म्हांब्रेंच्या प्रशिक्षणाखाली विदर्भाने उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल मारली होती. फैझ फझलसारखा शांत कर्णधार होता. वासीम जाफर होता, आणि दुखापतीमुळे आदल्या मोसमाला मुकलेला हा जाफर २०१७-१८ चा मोसम मानधन न घेता खेळला. असा माणूस ड्रेसिंग रूममध्ये बसलेला असला की तरुण पोरांना वेगळ्या व्याख्यानाची गरज पडत नाही.

पंडितांनी यात काय भरलं? शिस्त. त्यांच्या कडकपणाची ख्याती एवढी, की पुढे आयपीएलमध्ये कोलकात्याकडून खेळलेल्या नामिबियाच्या डेव्हिड वीझाने विदेशी खेळाडूंना ही पद्धत जड गेल्याचं उघडपणे सांगितलं. असेल जड. पण विदर्भाच्या पोरांना ती मानवली. आपल्याकडे गुणवत्ता होतीच, उणीव होती ती मोठ्या नावांच्या संघासमोर डोळे न झुकवण्याच्या सवयीची. मुंबईत वाढलेल्या या माणसाला ती सवय जन्मजात होती आणि त्याने ती वाटून टाकली.

ईडनवरच्या पाच धावा

डिसेंबर २०१७. कोलकात्याचं ईडन गार्डन्स, उपांत्य सामना, समोर कर्नाटक. विदर्भाचा पहिला डाव १८५ वर आटोपला. कर्नाटकने ३०१ केल्या, त्यात एकट्या करुण नायरच्या १५३. म्हणजे ११६ धावांची पिछाडी. इथे जुना विदर्भ गाशा गुंडाळून परतीच्या गाडीची वेळ बघत बसला असता. या विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ केल्या आणि कर्नाटकला १९८ चं लक्ष्य दिलं.

पाचव्या दिवशी सकाळी कर्नाटकचे सात गडी बाद झालेले, पण शेपूट वळवळत होतं. विनय कुमार, मिथुन, एका टोकाला श्रेयस गोपाल ठाम. एकेक धाव निघतेय आणि लक्ष्य जवळ येतंय. चेंडू होता रजनीश गुरबानीच्या हातात. शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर असलेला हा नागपूरचा मध्यमगती गोलंदाज. त्याने त्या डावात सात गडी टिपले, सामन्यात बारा, आणि कर्नाटक १९२ वर संपलं. पाच धावांनी विजय! गोपाल दुसऱ्या टोकाला नाबाद उभाच राहिला. दोन धावांनी फायनल हरलेला १९९१ चा यष्टिरक्षक त्या दिवशी पाच धावांनी जिंकणाऱ्या संघाचा प्रशिक्षक होता.

अकोल्याचा पोट्टा थेट फायनलला

आता आपल्या गावची गोष्ट. फायनल इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, २९ डिसेंबर २०१७ पासून, दिल्लीविरुद्ध. उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेलेला. वेगवान गोलंदाजाची जागा रिकामी. सामना विदर्भाच्या साठ वर्षांतला सगळ्यात मोठा. अशा वेळी कुठलाही कोच अनुभवी हात शोधेल.

पंडित आणि फझल यांनी चेंडू दिला अकोल्याच्या आदित्य ठाकरेला. वय १९. त्याआधी प्रथम श्रेणीचा एकही सामना नाही. पदार्पणच रणजी फायनलमध्ये! समोर गौतम गंभीर, ऋषभ पंत, नितीश राणा. पहिल्या डावात आदित्यने दोन गडी घेतले. आकडा लहान दिसतो, पण जिथे पाय लटपटायला हवेत तिथे हा पोरगा धावत येऊन टप्प्यावर चेंडू टाकत होता. नंतर काही दिवसांतच न्यूझीलंडमधल्या १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी त्याला बोलावणं आलं. अकोल्याहून इंदूर, इंदूरहून न्यूझीलंड, तेही एका महिन्याच्या आत.

एकोणीस वर्षांच्या पोरावर फायनलमध्ये विश्वास टाकणं, याला मी कोचिंग म्हणते. नेटमध्ये कोपर कुठे ठेवायचं हे शिकवणारे पुष्कळ भेटतात.

झटपट चार गोष्टी त्याच फायनलच्या

गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली आणि तिन्ही बळी त्रिफळाचीत. विकास मिश्रा, नवदीप सैनी आणि १४५ धावा काढून जमलेला ध्रुव शोरी. रणजी फायनलमध्ये हॅट्‌ट्रिक घेणारा तो दुसराच. पहिली तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांची, १९७२-७३ ची.

यष्टिरक्षक अक्षय वाडकरचं प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक कधी आलं? याच फायनलमध्ये, १३३ धावा. विदर्भाचा डाव ५४७ चा झाला.

दिल्लीच्या दुसऱ्या डावानंतर जिंकायला हव्या होत्या फक्त २९ धावा. विदर्भ नऊ गड्यांनी जिंकला, तारीख १ जानेवारी २०१८. नववर्षाची अशी सुरुवात विदर्भाने आधी कधी केली नव्हती.

आणि हे मैदान होतं होळकरांचं. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्मले नागपूरला, पण त्यांची रणजीतली कीर्ती झाली इंदूरच्या होळकर संघाबरोबर. नागपूरने दिलेला खेळाडू इंदूरने मोठा केला होता. सत्तर-पाऊणशे वर्षांनी नागपूरचा संघ त्याच इंदूरला जाऊन करंडक घेऊन आला. अमरावतीहून परतवाडा, धारणी करत मेळघाट ओलांडला की इंदूर तसं शेजारचंच.

कोण कुठे भेटलं

पंडितांच्या या प्रवासात योगायोगांची अशी काही रांग लागते, की वाटावं कुणीतरी बसून गुंफली असेल.

विदर्भाचे गोलंदाजी प्रशिक्षक होते सुब्रोतो बॅनर्जी. उमेश यादव त्यांना गुरू मानतो. बॅनर्जी आयुष्यात एकच कसोटी खेळले, जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला. रवी शास्त्रींच्या २०६ धावांची आणि शेन वॉर्नच्या पदार्पणाची तीच कसोटी. त्या सामन्यात भारताचा यष्टिरक्षक होता चंद्रकांत पंडित. सव्वीस वर्षांनी हे दोघं इंदूरला एका तंबूत बसून विदर्भाला जिंकताना बघत होते.

त्या फायनलमध्ये हरलेल्या दिल्लीचा सलामीवीर गौतम गंभीर २०२४ मध्ये कोलकाता नाईट रायडर्सचा मार्गदर्शक झाला. मुख्य प्रशिक्षक होते पंडित. दोघांनी मिळून आयपीएल जिंकलं, फायनलमध्ये हैदराबादला ११३ धावांत उखडून. दिल्लीच्याच नितीश राणाने आदल्या वर्षी पंडितांच्या हाताखाली कोलकात्याचं कर्णधारपद सांभाळलं होतं.

विदर्भाविरुद्ध १५३ काढणारा करुण नायर आणि १४५ काढणारा ध्रुव शोरी पुढे कुठे आले? विदर्भातच! २०२४-२५ च्या रणजी फायनलमध्ये दोघंही आपल्या बाजूने खेळले आणि नायरने केरळविरुद्ध ८६ आणि १३५ धावा कुटल्या.

सगळ्यात भारी योगायोग आदित्य सरवटेचा. इंदूरच्या फायनलमध्ये त्याने विदर्भासाठी ७९ धावा केल्या. नंतर तो केरळकडे गेला, २०२५ ची फायनल विदर्भाविरुद्ध खेळला, आणि धावा केल्या किती? ७९!

पुजाराला दोनदा

एकदा जिंकलं की लोक म्हणतात, लागला मटका. त्यामुळे २०१८-१९ चा मोसम माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठा. नागपूरला आलेल्या मुंबईला विदर्भाने डाव आणि १४५ धावांनी लोळवलं. ज्या मुंबईने पंडितांना मोकळं केलं होतं, तीच मुंबई. चाळिशीतल्या जाफरने मोसमात हजारावर धावा जमवल्या.

फायनल घरच्या मैदानावर, जामठ्याला, सौराष्ट्रविरुद्ध. पहिल्या डावात आघाडी फक्त पाच धावांची. मग सरवटेची डावखुरी फिरकी सुरू झाली. ऑस्ट्रेलियात नुकतीच मालिका गाजवून आलेला चेतेश्वर पुजारा पहिल्या डावात एक आणि दुसऱ्या डावात शून्यावर गेला, दोन्ही वेळा सरवटेलाच. सामन्यात सरवटेचे अकरा बळी, विदर्भ ७८ धावांनी विजयी.

नऊ दिवसांनी शेष भारताविरुद्धचा इराणी करंडकही आपलाच झाला. त्या सामन्यादरम्यान पुलवामाचा हल्ला झाला होता. फैझ फझलने बक्षिसाची रक्कम हुतात्म्यांच्या कुटुंबांना देत असल्याचं जाहीर केलं. काही वर्षांपूर्वी ज्या संघातल्या खेळाडूंची नावं कुणाला पाठ नव्हती, त्या संघाने हे केलं, याचा अभिमान मला करंडकापेक्षा कमी नाही.

दोन हातांचा यवतमाळकर

त्या इराणी सामन्यात शतक ठोकलं अक्षय कर्णेवारने, १०२. जन्म यवतमाळचा. या माणसाची खासियत ऐकून बाहेरचे लोक आधी विश्वासच ठेवत नाहीत. तो दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो. डाव्या हाताने डावखुरी फिरकी, उजव्या हाताने ऑफस्पिन. हात बदलायचा तर आधी पंचांना सांगावं लागतं, पंच फलंदाजाला सांगतात, मग गोलंदाज यष्टींच्या दुसऱ्या बाजूने येतो. २०१७ मध्ये चेन्नईला सराव सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या फलंदाजांनी हा प्रकार प्रत्यक्ष अनुभवला.

आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याचं पृथक्करण बघा: चार षटकं, चारही निर्धाव, शून्य धावा, दोन बळी. पुरुषांच्या ट्वेंटी-२० मध्ये पूर्ण चार षटकांत एकही धाव न देणारा तो पहिलाच. जगात पहिला! यवतमाळच्या चौकात याचा फलक हवा.

चिन्नास्वामीचा हिशेब

२०२० मध्ये पंडित विदर्भ सोडून मध्य प्रदेशकडे गेले. जून २०२२, रणजी फायनल, मैदान बंगळूरचं चिन्नास्वामी. हो, तेच. समोर मुंबई, म्हणजे माहेर. मुंबईने ३७४ केल्या. मध्य प्रदेशने यश दुबे, शुभम शर्मा आणि रजत पाटीदार यांच्या तीन शतकांवर ५३६ केल्या आणि सामना सहा गड्यांनी जिंकला. मध्य प्रदेशचा हा पहिला रणजी करंडक. कडक मास्तर म्हणून ओळखले जाणारे पंडित त्या दिवशी मैदानावर सगळ्यांदेखत रडले. १९९९ ला जिथे कर्णधार म्हणून हरले, तिथेच २३ वर्षांनी.

मुंबईच्या तंबूत त्या दिवशी पराभूत प्रशिक्षक कोण होता? अमोल मुझुमदार. तेही आचरेकर सरांचेच शिष्य. १९८८ मध्ये सचिन-विनोदची ६६४ धावांची भागीदारी चालू असताना पॅड बांधून वाट पाहत बसलेला शारदाश्रमचा पोरगा. भारताकडून एकही सामना खेळायला न मिळालेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच मुझुमदारांच्या प्रशिक्षणाखाली भारतीय महिलांनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. एकाच गुरूचे दोन शिष्य. एकाला भारताची टोपी थोडीच मिळाली, दुसऱ्याला मिळालीच नाही, आणि दोघांनीही दुसऱ्यांच्या डोक्यावर ती चढवली.

अमरावतीला हे नवं नाही

प्रशिक्षकाचं मोल ओळखण्यात वऱ्हाड मुळात मागे नव्हताच. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन कबड्डीसह आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. आज गावोगावच्या शाळांत शिट्टी घेऊन उभे असलेले कितीतरी पीटीचे सर इथूनच शिकून गेलेले असतात. क्रिकेटमध्ये तेवढी आपली पाळी उशिरा आली.

आता मात्र धडाका आहे. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला आणि २०२५ मध्ये बंगळूरच्या आयपीएल विजेत्या संघात होता. त्या संघाचा कर्णधार कोण? रजत पाटीदार, पंडितांच्या मध्य प्रदेशचा. विदर्भाने २०२५ मध्ये तिसरा रणजी करंडक जिंकला, केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. त्या मोसमात हर्ष दुबेने ६९ बळींचा विक्रम केला, आणि प्रशिक्षक होते उस्मान घनी, विदर्भाकडूनच खेळलेले. म्हणजे बाहेरून गुरू आणायची गरजही आता उरली नाही.

आणि अकोल्याचा अथर्व तायडे! २०१९ च्या इराणी सामन्यात, पंडितांच्या संघात, १८ वर्षांच्या या डावखुऱ्या सलामीवीराने दुसऱ्या डावात ७२ धावा करून विदर्भाची बाजू सावरली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये जामठ्याला पुन्हा इराणी सामना झाला. शेष भारताचं कर्णधारपद रजत पाटीदारकडे होतं. अथर्वने १४३ धावा काढल्या, विदर्भ ९३ धावांनी जिंकला आणि सामनावीराचा मान अकोल्याला आला.